कुत्र्याचा घरचा खाऊ : बाजरी, भुईमूग आणि माप

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर चौमूं लागते. भोवती रेताड जमीन, तिच्यात बाजरी, जव, भुईमूग आणि भाजीपाला. या मुलखातल्या स्वयंपाकघराचा एक जुना नेम आहे : पहिली रोटी गायीची, शेवटची कुत्र्याची. कणीक मळतानाच ती मोजणीत धरलेली असते, उरलेसुरले म्हणून ती कुत्र्यापुढे जात नाही. आपल्याकडच्या गोग्रासाला आणि श्राद्धातल्या श्वानबळीला हा नेम जवळचा आहे. आज शहरांतून ओट्स, भोपळा आणि पीनट बटर घालून कुत्र्यासाठी ओव्हनमध्ये बिस्किटे भाजण्याची हौस वाढते आहे, आणि तिच्याकडे कुणी परदेशी चाळा म्हणून नाक मुरडून, तर कुणी प्रेमाचा नवा पुरावा म्हणून भारावून पाहतो. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते : कुत्र्यासाठी घरच्या धान्याचे काही भाजणे ही इथे नवलाई नाही. नवे आहे ते त्या रोटीला आलेले खाऊचे, बक्षिसाचे रूप. ही हौस चांगली की वाईट, याचे उत्तर पाककृतीत शोधण्यात अर्थ नाही. ते दोन ठिकाणी सापडते : धान्य कसे साठवले होते आणि दिवसाला किती दिले. बाकीचे बहुतेक वाद या दोन प्रश्नांपुढे किरकोळ ठरतात.

विकतच्या बिस्किटाचा इतिहासही याच रोटीपाशी येऊन थांबतो. जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने 1860 च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी गहू, भाज्या, बीट आणि गुरांचे मांस-रक्त एकत्र करून वड्या विकायला सुरुवात केली. बंदरातली कुत्री जहाजावरची कडक बिस्किटे चघळताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, वंशावळ बरोबर आहे. जहाजाचे बिस्किट म्हणजे टिकावी म्हणून कोरडी ठणठणीत केलेली भाकरी. हाडाच्या आकाराचे बिस्किट अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले आणि तो आकार इतका रुजला की आज घरी बिस्किटे करणारेही आधी त्याचा साचा मागवतात. कुत्र्याला आकाराशी काही देणेघेणे नसते. आपल्या बाजूला हा व्यवहार धर्माचा आणि भुकेचा होता, बाजाराचा नव्हता. मुंबईच्या पारशी घरांतून जेवणातला घास कुत्र्यासाठी काढून ठेवण्याची चाल होती आणि 1832 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम चालवली तेव्हा हाच समाज दंगलीपर्यंत गेला. राजस्थान-हरियाणाच्या खेड्यांतून थंडीत व्यालेल्या कुत्रीसाठी घरोघरचे पीठ-गूळ गोळा करून सीरा शिजवण्याची पद्धत आहे. बिस्किट नव्हे, पण ‘तिच्यासाठी खास केलेले’ या अर्थाने तो खाऊच.

पहिला आक्षेप ठरलेला असतो : कुत्रा लांडग्याचा वंशज, त्याला पीठ कशाला? कच्च्या मांसाचा पुरस्कार करणारे हा मुद्दा फार ठासून मांडतात. पण 2013 मध्ये एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने त्यातली हवा बरीच काढली. कुत्र्यांचे आणि लांडग्यांचे जनुकसंच त्यांनी ताडून पाहिले. पिष्ट पचवणारे विकर स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, उकिरड्यावर धान्याचे उष्टे पडू लागले, आणि ते पचवू शकणारी कुत्री माणसाजवळ टिकली, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे शेवटची रोटी खाणाऱ्या कुत्र्याचे शरीर ती रोटी खातच घडले आहे. दख्खनच्या कारवान कुत्र्यांनीही ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर शिकारी केल्या. अपवाद आहेत आणि ते गमतीचे आहेत. हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातल्या जातींत या जनुकाच्या प्रती कमी आढळतात, कारण त्यांच्या माणसांनी शेती केलीच नाही. जयपूरच्या उन्हात हस्की पाळणाऱ्याला पिठाच्या बिस्किटापेक्षा मोठ्या अडचणी आहेत, तो भाग वेगळा. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे धान्य वाईट समजून त्याजागी डाळी आणि वाटाणे भरणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये धान्यविरहित, डाळी-वाटाण्यांवर आधारलेले कुत्र्यांचे खाद्य आणि हृदयाच्या स्नायूंचा एक आजार यांचा संबंध तपासायला घेतला. कार्यकारणाचा अंतिम निकाल लागलेला नाही, पण ‘धान्य नको, बेसन बरे’ या घरगुती तर्काला तिथून आधार मिळत नाही. खाऊत चमचाभर बेसन गेल्याने काही होत नाही, पण त्यामुळे ते बाजरीपेक्षा श्रेष्ठही ठरत नाही.

आता मापाकडे. घरी भाजणारे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, आणि बाजारातून आणणारेही. पशुआहारतज्ज्ञांचा सर्वमान्य दंडक असा की दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून जास्त वाटा खाऊचा नसावा. ऐकायला तो मोकळाढाकळा वाटतो, हिशेब केला की आवळतो. कुत्र्याची विश्रांतीतली गरज काढण्याचे सूत्र असे : किलोतल्या वजनाचा पाऊण घात, गुणिले सत्तर. पंधरा किलोच्या, साध्या गावठी बांध्याच्या कुत्र्यासाठी ती सुमारे 535 कॅलरी येते. नसबंदी झालेल्या, बेताची हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला 1.6 ने गुणतात, म्हणजे दिवसाला सुमारे 850. त्याचे दहा टक्के 85. आता 200 ग्रॅम बाजरीचे पीठ, 100 ग्रॅम शेंगदाण्याचे वाटण आणि एक अंडे घेऊन बिस्किटे कोरडी भाजली, तर ग्रॅममागे चारहून थोड्या अधिक कॅलरी पडतात. दहा ग्रॅमचे एक बिस्किट म्हणजे चाळीस-त्रेचाळीस. पंधरा किलोच्या कुत्र्याची दिवसाची मर्यादा दोन बिस्किटांत संपली. पाच किलोच्या पॉमेरेनियनची तर 37 कॅलरीतच संपते, म्हणजे त्याला एक बिस्किटही पुरते द्यायचे नाही. आणि शहरात नेमके याच कुत्र्याला सकाळी चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे, संध्याकाळी मुलांच्या हातून चार, अशी चैन चालते. त्या ग्लुकोज बिस्किटात पाव भाग साखर असते. घरच्या बिस्किटाचा खरा फायदा पोषणात नाही, आकारात आहे. लाटून सुरीने चण्याच्या डाळीएवढे तुकडे पाडता येतात, पाव ग्रॅम वजनाचे. असे चाळीस तुकडे पंधरा किलोच्या कुत्र्याच्या मर्यादेच्या अर्ध्यातच बसतात, आणि शिकवताना कुत्र्याला बक्षिसांची संख्या कळते, वजन नाही. विकतच्या पाकिटात ही सोय क्वचितच मिळते.

मापाचीच दुसरी बाजू तुपाची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठी माणसाच्या मनात कुत्र्याला खाऊ घालण्याचा आदर्श म्हणून बसली आहे, आणि भक्तीच्या दृष्टीने ती जागच्या जागी आहेच. पशुवैद्याला विचाराल तर तो कोरड्या भाकरीच्या बाजूने उभा राहील. मोठा चमचाभर तूप म्हणजे सुमारे 130 कॅलरी, पंधरा किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या खाऊहून दीडपट. शिवाय एकदम आलेल्या स्निग्धाने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावरही बेतते. चुरम्याचा लाडू, बाटी, दिवाळीचा फराळ यांतून कुत्र्याला होणारा त्रास बहुतेक या वाटेने येतो.

माणसाच्या गोडाधोडातले काही पदार्थ मात्र मापाच्या पलीकडे जातात, तिथे ‘थोडेसे’ हा शब्दच वापरू नये. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात हे पुष्कळ वर्षे ठाऊक होते, का ते कळत नव्हते. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. धागा मिळाला तो क्रीम ऑफ टार्टर घातलेला घरगुती खेळण्याचा गोळा खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यामुळे. त्यानंतर चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसेच आजार नोंदले गेले. मराठी स्वयंपाकघरात ही माहिती अजून पोहोचलेली नाही, आणि पोहोचायला हवी. आमटी कालवलेला भात कुत्र्याला घालणाऱ्या घरांत चिंच रोज असते. आमटीतली चिंच विरळ असते, म्हणून बहुतेक वेळा काही दिसत नाही, पण चिंचेचा कोळ किंवा चिंच-गुळाची चटणी खाऊत घालण्याचे काही कारण नाही. कांद्याचे तसेच : वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर तांबड्या पेशी फुटू लागतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी तो पन्नास ग्रॅम, एक लहानसा कांदा. वाळवलेल्या कांद्या-लसणाच्या पुडीत हे प्रमाण फार लवकर गाठले जाते. ‘चव यावी म्हणून’ मसाल्याचे वाटण घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोको पावडर त्याच कुत्र्याला दहा ग्रॅमच्या आसपासच बाधू लागते. झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाचा एक ग्रॅमही त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीवर खाली आणू शकतो. म्हणून शुगर-फ्री पीनट बटरची बरणी घेताना घटकांची यादी शेवटपर्यंत वाचायची. मीठ, सोडा, जायफळ यांचे कुत्र्याच्या बिस्किटात काही काम नाही. फुगलेले कच्चे पीठ तर त्याच्या पोटातही फुगत राहते.

हे सगळे टाळले तरी सर्वांत मोठा धोका शिल्लक राहतो, आणि तो कोणत्याही ‘देऊ नये’ यादीत ठळक नसतो, कारण तो पदार्थात नसून त्याच्या साठवणीत असतो. पुरावा राजस्थानातलाच आहे. 1974 च्या पावसाळ्याअखेर बांसवाडा आणि शेजारच्या गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत काविळीची आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे कारण मांडले : अवेळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका आणि त्यातले अफ्लाटॉक्सिन. 397 माणसे आजारी पडली, 106 दगावली. माणसांबरोबर गावातली कुत्रीही त्याच आजाराने गेली, कारण ती त्याच घरांच्या त्याच रोट्या खात होती. गावात कुणी कुत्र्याला वाईट काही घातले नव्हते. स्वतःचेच जेवण वाटून दिले होते. ‘पिढ्यान्पिढ्या आमची कुत्री घरचेच खातात, त्यांना काही झाले नाही’ या युक्तिवादाला यापेक्षा वेगळे उत्तर द्यावे लागत नाही. झाले, आणि जेव्हा झाले तेव्हा कारण घरच्याच कणगीत होते.

अफ्लाटॉक्सिनची आवडती घरे दोन, मका आणि भुईमूग, आणि भुईमूग हे चौमूंच्या पट्ट्याचे नगदी पीक. उत्पादनात राजस्थान गुजरातच्या खालोखाल आहे. कुत्र्याच्या घरगुती बिस्किटात शेंगदाणा जवळजवळ सक्तीचा झाला आहे, कारण वास कुत्र्याला आवडतो आणि पीठ बांधले जाते. म्हणून इथे काटेकोर राहायला हवे. हे विष तयार करणारी बुरशी शेंग जमिनीत असताना पाण्याच्या ताणातही लागते आणि काढणीनंतर ओलसर पोत्यातही. भाजल्याने बुरशी मरते, विष बहुतांशी राहते. दीडशे-एकशेसाठ अंशांचा ओव्हन त्याला पुरा पडत नाही. कुत्र्याचे यकृत या बाबतीत फार नाजूक असते. अमेरिकेत 2005 मध्ये आणि पुन्हा 2020 च्या अखेरीस दूषित मक्यामुळे विकतच्या खाद्याने शंभराहून अधिक कुत्री मेली. तिथे पाळीव प्राण्यांच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा अब्जांशी वीस भाग आहे. घरात हे प्रमाण मोजता येत नाही. करता येते ते एवढेच : दाणे निवडायचे, सुरकुतलेले, काळपट, फुटके, खवट टाकायचे, आणि टाकायचे म्हणजे टाकायचेच. इथे आपली काटकसर आड येते. आपल्याला न खपणारा दाणा, कोरलेला मका, वास आलेले पीठ जनावराच्या वाट्याला जाते, आणि ते वाया न घालवल्याचे समाधानही मिळते. जो दाणा माणसाने बाजूला काढला तो कुत्र्याच्या खाऊत अजिबात जाता कामा नये. शेवटच्या रोटीचा नेम या दृष्टीने शहाणा आहे, कारण ती त्याच परातीतल्या त्याच कणकेची असते.

मग विकतचेच आणावे, ते तपासलेले तरी असते, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. मोठे कारखाने कच्चा माल तपासतात, घटकांचे प्रमाण स्थिर ठेवतात. पण 2007 मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघाले आणि उत्तर अमेरिकेत नामांकित कंपन्यांची पाकिटे परत मागवावी लागली. त्याच सुमारास सुरू झालेल्या सुकवलेल्या मांसपट्ट्यांच्या प्रकरणात हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूंच्या तक्रारी जमा झाल्या आणि कारण निश्चित हाती लागले नाही. भारतात 2006 चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नापुरता आहे. जनावरांचे खाद्य त्याच्या व्याख्येतच येत नाही. त्यामुळे विकतचे म्हणजे निर्धोक, हे गृहीत धरता येत नाही. कारखान्यातली चूक हजारो कुत्र्यांपर्यंत पोहोचते, घरातली एकापर्यंत. पण कारखान्यातली निदान उघड होते, पाकिटे परत मागवली जातात. घरातल्या चुकीला ‘म्हातारा झाला होता’ म्हणतात.

घरचे हवे तर ते ओव्हनशिवायही होते, हे चौमूंला सांगावे लागत नाही. बाटी शेणीच्या निखाऱ्यात भाजणारा मुलूख आणि रोडगे भाजणारा आपला विदर्भ-खानदेश यांना कोरड्या उष्णतेची भाषा येते. कुत्र्याच्या बिस्किटाला बाटीचे तंत्र चालते, फक्त मीठ, ओवा आणि शेवटची तुपाची बुडी वगळून. पातळ लाटलेली, झाकण घातलेल्या जाड तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी वाळवलेली वडीही तेच काम करते. बाजरीबद्दल एक सावधगिरी : तिच्या पिठातल्या स्निग्धामुळे ते लवकर कडवते, म्हणून चक्कीवरून ताजे आणावे, महिन्याचे भरून ठेवू नये. जवाचे पीठ त्या मानाने सोशिक, आणि राजस्थानात ते सहज मिळते. टिकण्याचा सगळा हिशेब ओलाव्याचा आहे. कोरड्या हवेत खडखडीत भाजलेले बिस्किट डब्यात दोन-तीन आठवडे राहते. तेच कोकणातल्या आषाढात आठवड्यात मऊ पडते आणि मऊ पडलेल्यावर बुरशी धरते. भोपळा, केळे, दही घातलेली मऊ बिस्किटे तर कुठेही फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नयेत. समाजमाध्यमांवरच्या बहुतेक सुंदर पाककृती याच मऊ जातीच्या असतात, आणि त्या कोरड्या देशांतल्या थंड स्वयंपाकघरांतून आलेल्या असतात.

खाऊ एवढा निगुतीने केला की पुढचा मोह जेवणच घरी करण्याचा. तिथे मात्र थांबायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी 2013 मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता. हा निष्कर्ष घरच्या खाऊविरुद्ध फिरवला जातो, ते चुकीचे आहे. दहा टक्क्यांच्या आत राहणाऱ्या खाऊने संतुलित असण्याची गरजच नाही, ते काम नव्वद टक्क्यांचे. पण रोटी-दूध हेच जेवण असलेल्या कुत्र्याला घरचे पौष्टिक बिस्किट दिले म्हणून त्याची उणीव भरत नाही. चुना, तांबे, जस्त, काही जीवनसत्त्वे कमी पडतात ती वर्षांनी दिसतात, आणि पिल्लात हाडांवर लवकर दिसतात.

गावात कुत्री उपाशी फिरत असताना पाळलेल्या कुत्र्यासाठी बिस्किटे भाजणे हे शहरी लाड नव्हेत का, असाही एक सूर असतो. त्यात नैतिक धार आहे, पण भटक्या कुत्र्यांचे हित बिस्किटाने ठरत नाही. जयपूरच्या ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने 1994 पासून शहरात नसबंदी आणि लसीकरणाची मोहीम चालवली. आठ वर्षांत सुमारे पंचवीस हजार कुत्री त्यातून गेली, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि मोहिमेच्या भागात माणसांतला रेबीज शून्यावर आला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल वाचला की कळते, पंगतीपेक्षा सुईने जास्त साधले. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्याला मनाई करून ठरावीक जागा नेमायला सांगितले आहे, म्हणजे आता शेवटच्या रोटीलाही पत्ता लागणार. त्या जागी मूठभर खमंग बिस्किटे फेकली तर भांडणे लागतात. तिथे भिजवलेली साधी रोटीच बरी, वेगवेगळ्या भांड्यांत.

घरी भाजलेले विकायला काढणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांच्यावर अन्नपरवान्याचा धाक नाही, पण ग्राहकाने विचारण्याजोगे चार प्रश्न आहेत : एका बिस्किटाचे वजन किती, ते कधी भाजले, शेंगदाणे कुठून आणि किती जुने, आणि आत गूळ किंवा मीठ आहे का. पहिल्या प्रश्नाला पाकिटावर उत्तर छापलेले असेल तर बाकीच्यांची उत्तरेही बहुधा मिळतात. आणि ज्या कुत्र्याचे वजन आधीच वाढले आहे, ज्याला मधुमेह आहे किंवा स्वादुपिंडाची सूज एकदा येऊन गेली आहे, त्याच्या मालकाने यांतले काहीच घेऊ नये. त्याच्यासाठी हिवाळ्यात जयपूरच्या बाजारात येणारे लाल गाजर आहे, शंभर ग्रॅमला जेमतेम चाळीस कॅलरींचे. मधुमेह असेल तर तेही पशुवैद्याला विचारून, बेताने.